गेलेल्यांवरून वय

एकट्या ताऱ्याला वय विचारून उपयोग नाही. सूर्यासारखा तारा चार अब्ज वर्षांचा असो की सहा अब्ज वर्षांचा, दुरून पाहणाऱ्याला तो जवळपास सारखाच दिसतो. आपल्या सूर्याचे वय ४.५७ अब्ज वर्षे आहे, पण तेही सूर्याकडे पाहून ठरलेले नाही. त्याच्याबरोबर जन्मलेल्या उल्कापाषाणांनी ते सांगितले. दगड हातात आला, त्यातल्या युरेनियमचे किती शिसे झाले ते मोजता आले. दुसऱ्या ताऱ्याभोवतीचा दगड आपल्या हाती येत नाही.

म्हणून भावंडे शोधावी लागतात.

एकाच ढगातून, जवळपास एकाच वेळी जन्मलेल्या ताऱ्यांचा जमाव म्हणजे तारकागुच्छ. सगळ्यांचे वय एक, आपल्यापासूनचे अंतर एक, जन्मावेळचे रसायन बहुतांशी एक. फरक फक्त वस्तुमानाचा, आणि ताऱ्याने किती जगायचे हे वस्तुमानच ठरवते. सूर्याच्या दहापट वस्तुमानाचा तारा दोन-अडीच कोटी वर्षांत संपतो. दुपटीचा साधारण एक अब्ज वर्षे टिकतो. सूर्याला दहा अब्ज वर्षे मिळतात. जो जास्त इंधन घेऊन येतो तो आधी जातो, कारण साठा दुप्पट झाला तर खर्च दसपट होतो.

तेव्हा गुच्छाचे वय ठरवायला कोण उरले यापेक्षा कोण गेले हे आधी पाहायचे.

ते पाहायची रीत साधी आहे. आडव्या अक्षावर ताऱ्याचा रंग, डावीकडे निळा आणि उजवीकडे तांबडा. उभ्या अक्षावर तेज. प्रत्येक तारा एक ठिपका. तरुण गुच्छात ठिपक्यांची एक पट्टी खालच्या उजव्या कोपऱ्यातून वरच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत सलग जाते. वय वाढते तशी ही पट्टी वरच्या टोकाकडून झिजत येते. एका जागी ती उजवीकडे वळते आणि ठिपके तांबड्या, फुगलेल्या राक्षसी ताऱ्यांच्या वाटेला लागतात. त्या वळणावर कोणत्या वस्तुमानाचा तारा उभा आहे हे कळले की गुच्छाचे वय कळले. ॲलन सँडेज यांनी १९५३ साली एम ३ या गुच्छाचा आलेख प्रसिद्ध केला तेव्हा हे वळण लख्ख दिसले. कृत्तिकांत ते अजून निळ्या ताऱ्यांपाशी आहे; त्या सुमारे १२ कोटी वर्षांच्या. जुन्या गोलाकार गुच्छांत ते सूर्याच्या ०.८ पट वस्तुमानाच्या ताऱ्यांपर्यंत खाली उतरले आहे. म्हणजे तिथे सूर्याएवढे तारेसुद्धा आता राहिलेले नाहीत.

डोळ्यांना कुटुंब वाटते ते कुटुंब असतेच असे नाही. रोहिणीचा तारा ज्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या जमावात बसलेला दिसतो, त्या जमावाचा तो नाहीच. जमाव दीडशे प्रकाशवर्षांवर, रोहिणी पासष्टवर. शेजारच्या देवयानी दीर्घिकेतल्या गुच्छांच्या जुन्या याद्या नीट तपासल्या गेल्या तेव्हा त्यातल्या अनेक नोंदी आपल्याच आकाशगंगेतले वाटेतले तारे निघाल्या, काही पलीकडच्या फार दूरच्या दीर्घिका निघाल्या. वय विचारण्याआधी नाते तपासावे लागते.

आपल्या आकाशगंगेत दीडशेहून अधिक गोलाकार गुच्छ आहेत. मग दुसऱ्यांच्या अंगणात, दुसऱ्या दीर्घिकांत, कशाला जायचे? कारण आपण आपल्या दीर्घिकेच्या आत बसलो आहोत आणि धुळीने बरेचसे झाकले आहे. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे वाटते. एका दीर्घिकेचा इतिहास हा इतिहासच असतो; दोन-चार दीर्घिकांचे इतिहास शेजारी ठेवले तरच त्यात नियम कोणता आणि योगायोग कोणता हे दिसू लागते.

देवयानी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे. तिच्यातल्या जुन्या गुच्छाचे ते वळण आपल्याकडून साधारण साडेअठ्ठाविसाव्या प्रतीवर पडते. प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा अंधुक; उघड्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. म्हणजे डोळ्यांना कसाबसा दिसणारा जो तारा, त्याच्या एक अब्जांश उजेड. आणि असे हजारो तारे एकमेकांना चिकटलेले.

तरी ते वळण एकदा पाहिले गेले. २००२–०३ च्या हिवाळ्यात हबल दुर्बिणीने देवयानीच्या बाहेरच्या भागातला एकच लहानसा तुकडा सुमारे ८४ तास न्याहाळला. त्या तुकड्यात बी ३७९ नावाचा एक गोलाकार गुच्छ होता. त्याच्या गाभ्यात तारे सुटे होत नव्हते. कडेचे होत होते. त्या कडेच्या ठिपक्यांतून वळण दिसले आणि टॉम ब्राउन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली वय छापले: १० अब्ज वर्षे, अधिक अडीच, उणे एक. तशाच रसायनाचे आपल्याकडचे गुच्छ त्याहून दोन-तीन अब्ज वर्षांनी मोठे. साडेतीन दिवसांचा प्रकाश गोळा करून एका गुच्छाचे वय मिळाले, आणि तेही अडीच अब्ज वर्षांच्या सैलपणाने. मला हा आकडा त्याच्या सैलपणासकट आदराचा वाटतो. सैलपणा किती आहे हे सांगणे हाही मोजमापाचाच भाग आहे.

त्याच निरीक्षणाने आणखी एक काम केले. देवयानीच्या बाहेरच्या भागातले सगळे तारे म्हातारे असणार अशी समजूत होती. जवळजवळ एक तृतीयांश तारे सहा ते आठ अब्ज वर्षांचे निघाले. ते कुठून आले असतील? बहुधा देवयानीने गिळलेल्या एखाद्या दीर्घिकेतून.

बाकीच्या बहुतेक गुच्छांना इतका वेळ देता येत नाही. त्यांचे तारे सुटे दिसत नाहीत. सगळ्यांचा मिळून एक उजेड येतो. लांबून येणाऱ्या दिंडीचा आवाज ऐकून टाळ किती, मृदंग किती, म्हणणारे तरुण की म्हातारे हे सांगायचे, तसे हे काम. सांगता येते. पण कान तयार लागतो, आणि कानावर किती विश्वास ठेवायचा हेही माहीत असावे लागते.

या एकत्र उजेडात एक जुनी अडचण दडलेली आहे. गुच्छ तांबूस दिसतो. तो म्हातारा असेल, निळे तारे संपले असतील. किंवा तो तितका म्हातारा नसेल, पण त्याच्या ताऱ्यांत धातू जास्त असतील. (खगोलशास्त्रात हायड्रोजन आणि हेलियम सोडून बाकी सगळ्यांना धातूच म्हणतात, ऑक्सिजनलासुद्धा.) धातू आतला प्रकाश अडवतात, तारा थोडा फुगतो, थंड होतो, तांबूस होतो. रंग एकच, कारणे दोन. गाय वर्दी यांनी १९९४ साली हा गोंधळ आकड्यात मांडला: वय तिप्पट केले काय आणि धातू दुप्पट केले काय, रंगात पडणारा फरक जवळपास सारखाच.

याचा अर्थ असा की धातू किती हे न जाणता सांगितलेले वय खोटे नसते, पण अर्धेच असते. उलटही तसेच.

वाट वर्णपटातून निघते. गुच्छाचा उजेड रंगांत पसरवला की त्यात काळ्या रेघा दिसतात. ४८६१ अँगस्ट्रॉम तरंगलांबीवर हायड्रोजनची रेघ. ती मुख्यतः वळणावरच्या गरम ताऱ्यांमुळे पडते, म्हणून मुख्यतः वय सांगते. हिरव्या भागात ५१६७ ते ५१८४ च्या दरम्यान मॅग्नेशियमच्या तीन रेघा, पुढे ५२७० आणि ५३३५ पाशी लोखंडाच्या. त्या मुख्यतः धातू सांगतात. ताऱ्यांच्या धावपळीने या रेघा थोड्या फिसकटलेल्या असतात. मोठ्या गुच्छात तारे सेकंदाला दहा-वीस किलोमीटर वेगाने इकडेतिकडे जात असतात. दोन्ही प्रकारच्या रेघा एकत्र मोजून एकाच वेळी वय आणि धातू सोडवायचे.

पण ‘मुख्यतः’ गाळून चालत नाही. फार कमी धातूंच्या म्हाताऱ्या गुच्छांत, राक्षसी अवस्था ओलांडून गेलेले काही तारे पुन्हा गरम आणि निळे होतात. हायड्रोजनची रेघ त्यांच्यामुळे ठळक होते आणि म्हातारा गुच्छ मध्यमवयीन भासतो. या शतकाच्या सुरुवातीला देवयानीतले काही गुच्छ पाच-सहा अब्ज वर्षांचे ठरवले गेले होते. पुढे चांगले वर्णपट आले, आणि त्यातल्या अनेकांचे ते मध्यमवय टिकले नाही.

आपल्या आकाशगंगेत असाच फसवा निळेपणा एका-एका ताऱ्यात पाहता येतो. एनजीसी १८८ हा गुच्छ सुमारे सात अब्ज वर्षांचा. त्यात वयाला न शोभणारा निळा तारा दिसतो. ॲस्ट्रोसॅट हा भारतीय उपग्रह २०१५ च्या सप्टेंबरात अवकाशात गेला. त्यावरची यूव्हीआयटी ही अतिनील दुर्बीण बेंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या पुढाकाराने घडली आणि तिच्यात पुण्याच्या आयुका या संस्थेचाही हात आहे. तिने २०१६ साली त्या निळ्या ताऱ्याशेजारी एक अतिउष्ण जोडीदार दाखवला. जोडीदाराने आपले द्रव्य त्याला दिले होते. तारुण्य मिळालेले होते, उरलेले नव्हते.

वर्णपटातली रेघ ठळक आहे म्हणजे ते मूलद्रव्य भरपूर आहे, असे वाटते. तसे नसते. तापमान वाढले की अणूचे इलेक्ट्रॉन सुटतात आणि रेघ फिकी पडते, द्रव्य तितकेच असले तरी. हे गणित मेघनाद साहा यांनी १९२० साली मांडले. त्याच्याच आधाराने सेसिलिया पेन या तरुणीने हार्वर्डमध्ये १९२५ च्या प्रबंधात दाखवले की तारे बहुतांशी हायड्रोजनचे आहेत. त्या काळचे मोठे खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांना ते पटले नाही. त्यांच्या दबावाने तिने स्वतःच्याच निष्कर्षाशेजारी लिहिले की हा आकडा बहुधा खरा नसावा. चार वर्षांनी रसेल स्वतः त्याच उत्तरापाशी आले. ताऱ्यांच्या रसायनाचा कोणताही आकडा वाचताना ही गोष्ट आठवावी. उत्तर बरोबर होते. ते उभे राहू देणारा वडीलधारा नव्हता.

गुच्छातल्या साध्या ताऱ्याच्या पृष्ठभागावरचे लोखंड त्याने घडवलेले नसते. आधी जगून गेलेल्या ताऱ्यांनी ते घडवले, त्यांच्या स्फोटांनी ते ढगात मिसळले, आणि त्या ढगातून हा जन्मला. वय कळते गेलेल्या भावंडांवरून, रसायन कळते गेलेल्या पूर्वजांवरून. दोन्हीकडे साक्षीदार हजर नाहीत.

पूर्वजांतही फरक असतो. प्रचंड तारे थोड्याच काळात फुटतात आणि ऑक्सिजन, मॅग्नेशियम देऊन जातात. लोखंडाचा मोठा वाटा उशिरा येतो, श्वेत बटूंच्या, म्हणजे विझलेल्या ताऱ्यांच्या उरलेल्या गाभ्यांच्या, स्फोटांतून. त्याला बऱ्याचदा अब्जभर वर्षे लागतात. म्हणून मॅग्नेशियम भरपूर आणि लोखंड कमी अशा गुच्छाबद्दल म्हणता येते की त्याच्या आधीची पिढी घाईत जन्मली आणि घाईत गेली.

देवयानीत ईएक्सटी ८ नावाचा एक गुच्छ आहे. वस्तुमान सुमारे ११ लाख सूर्यांचे. सोरेन लार्सन आणि सहकाऱ्यांनी हवाई बेटावरच्या केक दुर्बिणीने त्याचा वर्णपट घेतला आणि २०२० साली जाहीर केले की त्यातले लोखंडाचे प्रमाण सूर्याच्या सुमारे ८०० पट कमी आहे. इतका दरिद्री गुच्छ इतका भारदस्त नसावा, अशी तोवरची समजूत होती. कारण इतके कमी धातू असलेला ढग लहानशा, नवजात दीर्घिकेत असणार. आणि लहान दीर्घिकेला एवढा मोठा गुच्छ घडवण्याइतके द्रव्य कुठून मिळणार? असा नियम लिहायलाही सुरुवात झाली होती. एका गुच्छाने तो थांबवला. जवळच्या दीर्घिका तपासण्याचे हेच मोल.

मॅजेलनचा मोठा मेघ ही शेजारची लहान दीर्घिका १,६२,००० प्रकाशवर्षांवर आहे, आणि हे अंतर एक टक्क्याच्या अचूकतेने माहीत आहे. अंतराला इतके महत्त्व का? कारण अंतरात दहा टक्के चूक झाली तर ताऱ्याच्या तेजात चूक होते आणि वयात सुमारे वीस टक्के. पुण्याहून हा मेघ क्षितिजापासून जेमतेम दोन अंश वर येतो, म्हणजे आपल्यासाठी नाहीच. चिली, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया इथल्या दुर्बिणींचे ते आकाश.

या मेघातल्या गुच्छांची वये मांडली तर मधे एक मोठी पोकळी दिसते. पंधराएक गुच्छ फार जुने, बारा-तेरा अब्ज वर्षांचे. मग जवळजवळ काहीच नाही. मग तीन अब्ज वर्षांपासून पुढे गुच्छच गुच्छ. त्या पोकळीत दीर्घकाळ एकटा उभा होता तो ईएसओ १२१, सुमारे नऊ अब्ज वर्षांचा. अलीकडे पोकळीतले आणखी काही उमेदवार पुढे आले आहेत, पण पोकळी भरलेली नाही. शेजारच्या मॅजेलनच्या लहान मेघात अशी पोकळी नाही. तिथला एनजीसी १२१ साडेदहा-अकरा अब्ज वर्षांचा आणि पुढे गुच्छांची रांग.

सहज म्हणावेसे वाटते की त्या काळात मोठ्या मेघात तारे जन्मत नव्हते. पण गुच्छात नसलेले, सुटे तारे पाहिले तर त्या काळात जन्मलेले तारे सापडतात. मग गुच्छ कमी घडले, की घडले आणि विखुरले? तारकागुच्छ कायमचा नसतो. दीर्घिकेची ओढ त्याला उकलत जाते, ताऱ्यांनी एकमेकांना दिलेले धक्के त्याला पोखरतात. सूर्यही बहुधा अशाच एखाद्या गुच्छात जन्मला. त्याची भावंडे कुठे आहेत हे खात्रीने सांगता येत नाही. जे मोजता आले नाही ते नव्हतेच, असे लिहिण्याचा मोह या विषयात पावलोपावली होतो.

याच मेघातल्या एनजीसी १८४६ ची गोष्ट. २००७ साली त्याच्या आलेखातले वळण एका रेषेत नसून पसरट आहे हे दिसले. अर्थ लावला गेला की त्यात दोन पिढ्या असाव्यात, कित्येक कोटी वर्षांच्या अंतराने जन्मलेल्या. असे आणखी गुच्छ सापडले. मग लक्षात आले की भराभर स्वतःभोवती फिरणारा तारा विषुववृत्तापाशी फुगतो, तिथे थंड होतो, आणि त्याच्याकडे कोणत्या कोनातून पाहतो त्याप्रमाणे रंग वेगळा दिसतो. आज बहुतेक अभ्यासक त्या पसरटपणाचे मुख्य कारण हे फिरणेच मानतात. वयातला फरक वाटला तो वेगातला फरक होता.

नात्यातही अशी फसगत होते. एम ५४ हा गुच्छ शार्ल मेसिए यांनी १७७८ साली नोंदवला. १९९४ साली धनू राशीतली एक लहान दीर्घिका आपल्या आकाशगंगेत विरघळत असताना सापडली, आणि एम ५४ तिचा ठरला. म्हणजे दुसऱ्या दीर्घिकेतला गोलाकार गुच्छ माणसाने दोनशे सोळा वर्षे आपलाच समजून पाहिला. आता वय आणि धातू एकत्र मांडले की आकाशगंगेतले गुच्छही दोन वाटांनी जाताना दिसतात. एका वाटेवर धातू लवकर वाढले, ते इथलेच. दुसऱ्या वाटेवर सावकाश वाढले; ते लहान दीर्घिकांबरोबर आलेले.

हे सगळे दुर्बिणींनी केले असे नाही. हबलने २०१० ते २०१३ या काळात देवयानीच्या तबकडीचा सुमारे एक तृतीयांश भाग टिपला. त्यात ११ कोटी ७० लाख तारे सुटे दिसले. त्यातले गुच्छ ओळखायला यंत्रे पुरी पडेनात. सुमारे ३०,००० स्वयंसेवकांनी घरच्या संगणकावर चित्रे पाहून गुच्छांभोवती वर्तुळे काढली आणि २,७५३ गुच्छांची यादी तयार झाली. या स्वयंसेवकांना वळण म्हणजे काय हे ठाऊक असण्याची गरज नव्हती. डोळे होते आणि चिकाटी होती.

१९९० च्या दशकात सर्वात जुने गुच्छ पंधरा अब्ज वर्षांचे आणि विश्व त्याहून लहान, असे आकडे शेजारी शेजारी छापले जात होते. मुले आईपेक्षा मोठी. त्या वेळी बहुतेक अभ्यासक एक बाजू खोटी ठरवून मोकळे झाले नाहीत, याचे मला फार कौतुक वाटते. १९९७ साली हिपार्कस उपग्रहाने मोजलेली अंतरे आली. गुच्छ थोडे दूर, म्हणून थोडे तेजस्वी, म्हणून थोडे तरुण ठरले. १९९८ साली विश्वाचे प्रसरण वेग घेत असल्याचे दिसले आणि विश्वाचे वय वाढले. आज विश्व १३.८ अब्ज वर्षांचे आणि सर्वात जुने गुच्छ बारा-तेरा अब्ज वर्षांचे. दोन्ही आकड्यांपुढे अधिक-उणे लिहिलेले होते म्हणून हा ताळा जमू शकला.

वाचकांना एक विनंती आहे. वर्तमानपत्रात ‘इतक्या अब्ज वर्षांचा तारकागुच्छ सापडला’ असे वाचाल तेव्हा दोन प्रश्न विचारा. तारे एकेक करून मोजले होते, की एकत्र उजेडावरून वय काढले होते? आणि त्या वयापुढचे अधिक-उणे किती आहे? बातमीत बहुधा दोन्ही नसतात. मूळ शोधनिबंधात दोन्ही असतात, अनेकदा पहिल्याच पानावरच्या सारांशात, आणि यातले बहुतेक निबंध आज कोणालाही फुकट वाचता येतात.